ग्रीनबर्गने पोलॉक घडवला की पोलॉकने ग्रीनबर्ग?

दुपारची_उन्हं

अमूर्त चित्रांवर इथे धागा निघाला की तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात "हे तर आमचा बंड्याही काढेल" येतंच. ते मीच आधी लिहून टाकलंय. आता बंड्याला बाजूला बसवून बोलू.

विषय क्लेमंट ग्रीनबर्ग (१९०९-१९९४). न्यूयॉर्कचा कलासमीक्षक, कट्टर रूपवादी. चित्राचा विषय काय, चित्रकाराच्या मनात काय होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समोर दिसतं तेवढंच बोला. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक कलेने दुसऱ्या कलांकडून घेतलेलं सगळं परत करून टाकावं. गोष्ट साहित्याला, घनता शिल्पाला, प्रसंग रंगभूमीला. मग चित्रकलेकडे उरतं काय? सपाट पृष्ठभाग, त्याच्या चार कडा आणि रंग. एदुआर माने (आपले साताऱ्याचे नव्हेत) पासून पुढची सगळी आधुनिक चित्रकला त्याने या सपाटपणाकडे निघालेली म्हणून वाचली. १९६० चा 'मॉडर्निस्ट पेंटिंग' हा निबंध त्याने आधी व्हॉइस ऑफ अमेरिकावर वाचला होता, तो मिळाला तर जरूर वाचा. लहान आहे आणि भाषा अगदी स्वच्छ.

माझं मत: या माणसामुळे अमूर्त कलेला प्रतिष्ठा मिळाली आणि त्याच्यामुळेच ती अरुंदही झाली. 'पुढचं' चित्र कोणतं आणि 'मागासलेलं' कोणतं हे एकाच माणसाच्या डोळ्याने ठरू लागलं. तुम्हाला काय वाटतं? ग्रीनबर्ग नसता तर जॅक्सन पोलॉक, मॉरिस लुई, नोलंड या अमेरिकन अमूर्त चित्रकारांची नावं आपल्यापर्यंत पोचली असती का?

लिंबू_टिंबू

रुमाल टाकून ठेवते. मुलं झोपली की वाचेन.

हिशोबनीस

उन्हं, जरा तारखा लावून बघा.

संग्राहक आणि गॅलरीवाल्या पेगी गुगनहाइमने पोलॉकशी महिना १५० डॉलरचा करार केला १९४३ मध्ये. पहिलं एकल प्रदर्शन त्याच वर्षी नोव्हेंबरात, तिच्याच गॅलरीत. ते वीस फुटी 'म्युरल'सुद्धा तिच्याच घरासाठी. ग्रीनबर्ग तेव्हा 'द नेशन' या साप्ताहिकात कलेवर नुकताच लिहायला लागला होता. त्याआधी साहेब न्यूयॉर्क बंदरात कस्टम खात्यात नोकरीला होते. पोलॉकशी त्याची गाठ घालून दिली ली क्रॅस्नरने, जी पुढे पोलॉकची बायको झाली आणि स्वतः उत्तम चित्रकार होती. आणि हा जो सपाटपणाचा सिद्धान्त म्हणता, त्यातलं बरंच त्याने हान्स हॉफमन या जर्मन चित्रकाराच्या १९३८-३९ च्या व्याख्यानांतून घेतलं. ते ऋण त्याने उघडपणे मान्यही केलंय. क्रॅस्नर हॉफमनचीच विद्यार्थिनी.

म्हणजे शिकवलं चित्रकाराने, ओळख करून दिली चित्रकाराने, पैसे घातले पेगीबाईंनी. समीक्षक शेवटी आला आणि फोटोत मधोमध उभा राहिला.

बंड्याचे_बाबा

धाग्यात चिरंजीवांचा उल्लेख दिसला म्हणून आलो. काल त्याने फ्रिजवर मार्करने काम केलंय. पृष्ठभाग सपाट आहे, कडा चार आहेत, गोष्ट अजिबात नाही. ग्रीनबर्गसाहेबांना कळवावं का?

दुपारची_उन्हं

@बंड्याचे_बाबा :) साहेब १९९४ मध्ये गेले. बंड्याचं नशीब.

@हिशोबनीस, मान्य, पण १९४३ मध्ये पोलॉकला ओळखत होतं कोण? ऑगस्ट १९४९ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापला. हा अमेरिकेतला सर्वांत थोर हयात चित्रकार आहे का, असा शीर्षकातच प्रश्न. आणि लेखाच्या सुरुवातीला एका न्यूयॉर्कच्या विद्वान समीक्षकाचा हवाला, नाव न घेता. तो समीक्षक म्हणजे ग्रीनबर्ग, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लाखो घरांत जाणारं साप्ताहिक होतं ते.

रंगारी_वसई

मला समीक्षा कळत नाही. आमचं तीन पिढ्यांचं रंगाचं दुकान आहे, त्यामुळे रंग कळतो. पोलॉकचं चित्र मी नेटवरच पाहिलंय, पण तो जमिनीवरच्या कापडावर काठीने घराचा एनॅमल सोडायचा हे वाचल्यापासून त्या माणसाबद्दल आदर आहे. कारण सांगतो.

ट्यूबमधला तैलरंग काठीवरून खाली सोडा. गोळा पडतो, नाहीतर तुटक थेंब. एनॅमल तसा नाही. डबा नीट ढवळला आणि थोडं टर्पेंटाइन घातलं की काठीवरून अखंड तार सुटते. हात लवकर नेला तर तार बारीक, थांबलात तर डबकं. घट्ट असेल तर रेघ उभी राहते, पातळ असेल तर बसते. हे सगळं हात आणि डबा यांचं गणित आहे. आमच्याकडे जुने पेंटर डब्याच्या काठावर ब्रश निथळताना नुसती धार बघून सांगायचे, अजून पाव बाटली घाला. तेव्हा बंड्याने हे जरूर करून बघावं, पण बाबांनी घरातली लादी आधी झाकावी. एनॅमल निघत नाही.

आता माझा प्रश्न. जमिनीवर कापड पसरून हे करायचं, तर त्यात समीक्षकाने सांगण्यासारखं काय होतं?

ओला_कॅनव्हास

रंगारीकाका, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावणार आहे.

आणि तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. पोलॉकला ग्रीनबर्गने काय सांगितलं हे सोडून देऊ. हेलन फ्रँकेन्थेलर ही चित्रकार घ्या. १९५२, वय तेवीस. 'माउंटन्स अँड सी', साधारण सात फूट बाय दहा फूट. पोलॉकसारखंच कापड जमिनीवर, पण तिने त्याला अस्तरच (रंगाआधी मारतात तो थर) दिलं नाही. तैलरंग टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ केला की पाण्यासारखा वाहील, आणि कच्च्या सुती कापडावर ओतला. आधी कोळशाच्या चार-दोन रेघा, त्यांच्या आसपास गुलाबी, निळा, हिरवा. रंग कापडावर बसला नाही, कापडात शिरला. चांगल्या पुनर्मुद्रणात बघा, प्रत्येक डागाभोवती तेलाची फिकट कड आहे.

ग्रीनबर्ग आणि ती तेव्हा जोडीदार होते. एप्रिल १९५३ मध्ये तो वॉशिंग्टनच्या दोघा चित्रकारांना, मॉरिस लुई आणि केनेथ नोलंड, तिच्या स्टुडिओत घेऊन गेला. दोघं परत गेले आणि तसंच काम करायला लागले. त्यातून 'कलर फील्ड' (रंगाची मोठी क्षेत्रं हेच चित्र) नावाचा अख्खा प्रवाह निघाला. ही भेट त्याने घडवली नसती तर? इथे प्रभाव सरळ दिसतो.

पण गंमत बघा. पुढे त्याच्या लिखाणात लुई आणि नोलंड सिद्धान्ताचे नायक झाले, आणि जिच्या जमिनीवर ते उकिडवे बसून शिकले ती पाहुणी कलाकार.

रंगारी_वसई

अस्तर न देता तैलरंग? कापड कुजेल हो! जवसाचं तेल सुती कापडाला खातं, म्हणूनच तर आधी अस्तर मारतात. हळदीचा डाग पडतो तसं झालं असणार, पसरला की पसरला, परत घेता येत नाही. चित्र अजून शाबूत आहे का?

ओला_कॅनव्हास

शाबूत आहे, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे आहे. पण तुमची भीती खरीच, आणि साठच्या दशकात तीही अ‍ॅक्रिलिककडे वळली.

खवचट_खान

पॉपकॉर्न.

आणि सगळे सभ्यपणे टाळताय ते मी बोलतो. सीआयए! काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या कम्युनिस्टविरोधी सांस्कृतिक संस्थेला पैसा तिथून येतो हे १९६७ मध्ये उघड झालं. रशियाला दाखवायला अमेरिकेला 'स्वतंत्र' चित्रकार हवे होते. विषय नसलेलं चित्र सोयीचं, त्यात संपकरी मजूर दिसत नाही. तुमचे रूपवादी समीक्षक या कामाला फिट्ट बसले.

हिशोबनीस

खानसाहेब, अर्धं बरोबर. एव्हा कॉकक्रॉफ्टचा १९७४ चा लेख आणि सर्ज गिलबोचं १९८३ चं पुस्तक, दोन्हींत हे सविस्तर आहे. पण ग्रीनबर्गची सुरुवात मार्क्सवादी होती हे विसरू नका. १९३९ चा 'अवाँ-गार्द अँड किच' हा निबंध 'पार्टिझन रिव्ह्यू'मधला, म्हणजे डाव्यांच्याच नियतकालिकातला. बाजारू करमणूक आणि हुकूमशहांची प्रचारकला या दोन्हींपासून जिवंत कला कशी वाचवायची, हा त्याचा प्रश्न. १९५० चं दशक येता येता तो कडवा कम्युनिस्टविरोधी झाला, हेही खरं. पण म्हणून त्याचा डोळा विकला गेला होता हे सिद्ध होत नाही. शिवाय अमेरिकेच्या बऱ्याच खासदारांना ही चित्रं मुळीच आवडायची नाहीत. त्यांतले काही तर या चित्रांनाच कम्युनिस्टांचा कट म्हणत होते.

खवचट_खान

दोन्ही बाजूंनी शिव्या म्हणजे माणूस बरा असणार. (हलके घ्या.)

चष्मिष्ट

डोळा विकला होता की नाही माहीत नाही, पण हात मात्र नको तिथे घातला. डेव्हिड स्मिथचं प्रकरण इथे अजून कुणी कसं काढलं नाही?

स्मिथ म्हणजे अमेरिकेतला त्या काळचा सर्वांत मोठा धातुशिल्पकार. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला बोल्टन लँडिंग गावी त्याची शेतजमीन होती, शिल्पं तिथे उघड्यावर उभी असायची. १९६५ मध्ये अपघातात गेला. मृत्युपत्राप्रमाणे ज्यांच्याकडे त्याच्या कामाची व्यवस्था गेली त्यांत ग्रीनबर्ग होता. स्मिथला शिल्पांवर रंग लावायची हौस, आणि ग्रीनबर्गला तो रंग कधीच पटला नव्हता. त्याच्या मते शिल्पाचा रंगाशी संबंध काय, तो चित्रकलेचा प्रांत. मग काय झालं असेल? पांढऱ्या अस्तरात असलेल्या काही शिल्पांवरचा रंग काढून टाकला गेला. काही हवापाण्यावर सोडून दिली. १९७४ मध्ये समीक्षक रोझलिंड क्राउसने 'आर्ट इन अमेरिका'त हे छायाचित्रांसकट मांडलं. ती एके काळी त्याच्याच गोटातली. बचाव असा होता की ते नुसतं अस्तर होतं, शिल्पं अपुरी होती.

समीक्षक कलाकाराबद्दल लिहितो तोवर ठीक. पण माणूस मेल्यावर सिद्धान्ताला बसेल असं त्याचं शिल्प खरवडायचं, हे माझ्या पचनी पडत नाही. उन्हं यांनी 'अरुंद झाली' म्हटलंय, इथे तर ते अक्षरशः झालं.

ओला_कॅनव्हास

स्मिथबद्दल बचाव करणार नाही. पण त्याच्या सूचना चित्रकार आपणहून मागायचे हेही सांगायला हवं. तो स्टुडिओत यायचा, पाठ फिरवून उभा राहायचा, चित्र लावून झालं की एकदम वळून बघायचा. पहिल्या झटक्यात डोळ्याला काय लागतं तेवढंच खरं. मग सांगायचा, इथून कापा, हे आडवं लावून बघा. लुई तर वॉशिंग्टनमधल्या घराच्या जेवणाच्या खोलीत काम करायचा. खोली साधारण बारा बाय चौदा फुटांची आणि कापड त्याहून मोठं! चित्र पूर्ण उलगडून लांबून बघणंच शक्य नव्हतं. गुंडाळ्या न्यूयॉर्कला जायच्या. कोणती बाजू वर, कडा कुठे मोडायची, यात ग्रीनबर्गचा शब्द चालायचा. लुई १९६२ मध्ये गेल्यावर तर जास्तच.

मी स्वतः रंगवते म्हणून सांगते, स्टुडिओत येऊन "हा कोपरा मेलाय" असं तोंडावर सांगणारा एक माणूस मिळणं ही चैन आहे. आपल्याकडे उद्घाटनाला येतात, चहा पितात आणि "खूप छान, अभिनंदन" लिहून जातात. पुढे प्रदर्शनाच्या पत्रिकेवर 'अंतर्मनाचा शोध' छापलेलं असतंच.

लिंबू_टिंबू

मुलं झोपली. सगळं वाचलं. 'अंतर्मनाचा शोध' ला जोरात हसले, नवरा उठला.

वऱ्हाडी_ठेचा

आपल्या चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही? जन्म नागपूरचा, १९२४. गोव्याचं घराणं, शिक्षण मुंबईत जेजेत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा तिकडचे बरेच लोक त्यांना अमेरिकन अमूर्तवाल्यांच्या रांगेत बसवायला निघाले. १९६४ मध्ये ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला होते, म्हणून.

पण आकृती तर त्यांनी त्याच्या आधीच सोडली होती. पॉल क्लेचा अभ्यास होता, पुढे झेन, निसर्गदत्त महाराज. रोलर आणि सुरी घेऊन थर चढवायचे, उतरवायचे. त्यांच्या चित्रात खोली आहे ना भाऊ! पृष्ठभागाच्या मागून उजेड येतो. ग्रीनबर्गच्या हिशेबात ते नापास. आणि आमच्या अकोल्याचे अंबादास, जे पुढे नॉर्वेला स्थायिक झाले, त्यांचा ब्रश बघा, त्याचाही न्यूयॉर्कशी काही संबंध लागत नाही.

ग्रीनबर्ग स्वतः भारतात येऊन गेलाय बरं का. १९६७ मध्ये 'टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग' हे प्रदर्शन दिल्लीत ललित कला अकादमीत आलं होतं, त्या निमित्ताने.

खवचट_खान

प्रदर्शन कुणाच्या पैशाने आलं विचारू का?

वऱ्हाडी_ठेचा

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पाठवलं होतं. आता झोपा खानसाहेब.

मास्तरीणबाई

मी मराठी शिकवायचे, निवृत्त आहे. चित्रातलं फार कळत नाही, पण हे सगळं वाचताना मर्ढेकर डोळ्यांसमोर आले. ते आणि हा ग्रीनबर्ग एकाच वर्षी जन्मले, १९०९. मर्ढेकरांचं 'आर्ट्स अँड मॅन' १९३७ चं. क्लाइव्ह बेल, रॉजर फ्राय या इंग्लिश रूपवाद्यांचे विचार त्यात जाणवतात. पुढे 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वं. आमच्या पिढीने एमएला ती घोकली. कलाकृती आपल्या नियमांनी सुंदर, बाहेरच्या जीवनाची फूटपट्टी लावू नका, हाच सूर. दोघांची एकमेकांशी गाठ असल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, झरा मात्र बराचसा एकच.

फरक असा की मर्ढेकर कवीही होते. पिंपात मेलेल्या ओल्या उंदरांची कविता लिहिणाऱ्याला बाहेरचं जीवन वगळणं कवितेत जमलं नाही, आणि बरंच झालं. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त या स्वायत्ततेच्या बाजूची आणि विरोधातली दोन्ही टोकं सविस्तर तपासली आहेत. ज्यांना रूपवादाशी मराठीतून भांडायचंय त्यांनी ते वाचावं. जड आहे, पण भांडायला दारूगोळा भरपूर.

चष्मिष्ट

बाई, क्या बात है. बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' पण यात जोडा. प्रभाकर बरवे रूपाचाच विचार करतात, पण वस्तू सोडत नाहीत. घड्याळ, पान, चावी सगळं चित्रात राहतं आणि तरी मोकळी जागा बोलते. ग्रीनबर्गने विचारलं असतं, ती चावी कशाला?

बंड्याचे_बाबा

फ्रिज उघडायला.

अवांतरवाला

विषयांतर करतो. लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात जॉन लेथम नावाचे शिक्षक होते. १९६६ मध्ये त्यांनी लायब्ररीतून ग्रीनबर्गचं 'आर्ट अँड कल्चर' घरी आणलं, पाहुणे आणि विद्यार्थी जमवले आणि पानं फाडून चघळायला दिली. चोथा थुंकायला भांडं. मग त्यावर आम्ल, सोडा, यीस्ट वगैरे प्रयोग करून द्रव तयार केला. लायब्ररीचं पत्र आलं, पुस्तक परत करा. त्यांनी द्रवाची बाटली परत केली. नोकरी गेली. ती बाटली आणि सगळा पत्रव्यवहार आता पेटीत घालून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

आमच्याकडे लायब्ररीचं पुस्तक चहा सांडून परत केलं तर दंड. यांचं संग्रहालयात.

हिशोबनीस

अवांतर अजिबात नाही! पुढची पिढी त्याला किती वैतागली होती याचा हा पुरावा. 'पॉप आर्ट'वाले, संकल्पनावाले, सगळे त्याच्याशी भांडतच मोठे झाले. अमेरिकन कलाकार डोनाल्ड जडने तर त्याचाच तर्क टोकाला नेला: चित्र जर वस्तूच असेल तर सरळ पेटीच ठेवतो जमिनीवर, चित्रही नाही आणि शिल्पही नाही. ग्रीनबर्गला ते आवडलं नाही. मला वाटतं त्याचा खरा प्रभाव हाच. लुई-नोलंडचं नाव आज किती जण घेतात? पण त्याला शिव्या देत जे घडलं ते सगळीकडे आहे.

दुपारची_उन्हं

इतकं होईल असं वाटलं नव्हतं. माझ्या मूळ प्रश्नाकडे येते.

हिशोबनीस म्हणतात चित्रकारच आधी होते. पटलं. ओला_कॅनव्हास म्हणते त्याने माणसं योग्य स्टुडिओत नेली. तेही पटलं. पण एक नाव राहिलं, जॅनेट सोबेल. युक्रेनमधून आलेली, ब्रुकलिनमध्ये राहणारी, चाळिशीच्या आसपास रंगवायला लागली. तिची सर्वभर रंग पसरलेली चित्रं पोलॉकने आणि ग्रीनबर्गने १९४४ मध्ये पेगीच्या गॅलरीत बघितली. आपल्यावर त्यांचा ठसा उमटला हे पोलॉकने मान्य केल्याचं खुद्द ग्रीनबर्गनेच लिहून ठेवलंय. आणि त्याच दमात तिची ओळख करून दिलीय 'गृहिणी' आणि 'भाबडी चित्रकार' म्हणून. बस. पुढची कित्येक वर्षं ती तळटिपेतच.

फक्त डोळ्याला दिसतं तेवढंच बघा म्हणणाऱ्या माणसाला चित्रासमोर गृहिणी कुठून दिसली? माझी तक्रार ही आहे. रूपवाद त्याने सगळ्यांना सारखा लावला असता तर मी त्याच्या बाजूने भांडले असते.

ओला_कॅनव्हास

हे जबरदस्त. यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त एक पुरवणी: १९७८ मध्ये 'मॉडर्निस्ट पेंटिंग'ला जोडलेल्या टिपेत तो म्हणतो की मी फक्त वर्णन केलं होतं, असं करा असं कुठे म्हटलं? वर्णनच होतं तर स्मिथच्या शिल्पांना कशाला हात लावायचा?

रंगारी_वसई

दोन दिवस दुकानात हेच वाचतोय, गिऱ्हाईक ओरडतात. मॉरिस लुईचा रंग कुठला होता ते शोधलं. 'मॅग्ना' नावाचा अ‍ॅक्रिलिक, टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा. लेनर्ड बोकूर आणि त्याचा भाचा सॅम गोल्डन यांनी बनवलेला. लुईसाठी त्यांनी पुढे ओतायला सोपा असा वेगळा माल काढून दिला. कापड कुजायची भानगडच नाही!

कोणी कोणाला घडवलं यावर भांडताय ना? रंगवाल्याचं नाव घ्या आधी.

हिशोबनीस

काका, मॅग्ना इतरांनीही घेतला होता. 'पॉप'वाल्या लिख्टेनस्टाइनने तर त्यात कॉमिक्स रंगवली, म्हणजे ग्रीनबर्गला नको तेच. डबा तोच, चित्र उलट.

रंगारी_वसई

मग? माझ्याकडून रंग नेऊन कोणी देऊळ रंगवतो, कोणी बिअर बार. बिल दोघांनाही सारखंच.

खवचट_खान

आणि जीएसटी सरकारला. बघा, शेवटी सरकार आलंच.